मासे का मेले? बंगळूरच्या पाण्याला विचारा

हौसेने आणलेले रंगीत मासे आठवड्याभरात दगावतात आणि कारण कळत नाही. ते कारण शोधत निघाले, की काचेच्या पेटीपासून हलसूरच्या तलावापर्यंत सारे बंगळूर एका वेगळ्याच बाजूने दिसू लागते.

रविवारची सकाळ असावी आणि बंगळूरचा कबन पार्क असावा. बांबूच्या बेटांतून गार वारा येत असतो. अठरा कचेरीची तांबडी इमारत झाडांमधून डोकावत असते आणि बालभवनाकडे निघालेल्या मुलांचा गलबला ऐकू येत असतो. ही बाग १८७० मध्ये म्हैसूर राज्याचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी आखली. हे सँकी साहेब पुढे पुन्हा भेटणार आहेत, म्हणून त्यांचे नाव लक्षात ठेवलेले बरे.

बागेच्या कस्तुरबा रस्त्याकडच्या बाजूला जुने वस्तुसंग्रहालय, विश्वेश्वरय्या संग्रहालय आणि सरकारी मत्स्यालय ही मुलांची आवडती ठिकाणे आहेत. मत्स्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेल्या मराठी पाहुण्याला ते लहान वाटेल, पण मुलांना लहानमोठ्याचा हिशेब नसतो. काचेला नाक लावून उभे राहिलेले मूल तिथून निघते, ते एकच हट्ट घेऊन. ‘आपल्याकडेही मासे आणू या ना!’

बंगळूरमध्ये हा हट्ट पुरवणे अवघड नाही. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटच्या परिसरात शोभिवंत माशांची दुकाने आहेत. भाजी, फळे आणि मटणाच्या गर्दीतून वाट काढीत तिथे पोचले, की गप्पी, मॉली, एंजल, फायटर आणि सोनेरी गोल्डफिश ओळीने मांडलेले दिसतात. काचेची पेटी, रंगीत खडे, प्लॅस्टिकचे झाड, हवेचा पंप आणि सहा मासे असा संसार एका रिक्षात मावतो. संध्याकाळपर्यंत पेटी दिवाणखान्यात लागते आणि माशांची बारशीही होऊन जातात.

चौथ्या दिवशीची सकाळ

सोमवार-मंगळवार आनंदात जातात. शेजारची मुले येतात, प्रत्येक जण चिमूटभर खाद्य टाकतो. बुधवारी पाणी किंचित दुधाळ दिसू लागते. गुरुवारी सकाळी दोन मासे पाण्यावर आडवे तरंगत असतात आणि एक वर तोंड काढून धापा टाकत असतो. घाबरलेली आई सगळे पाणी उपसते, पेटी साबणाने घासते, खडे गरम पाण्याने धुते आणि नळाचे ताजे पाणी भरते. रविवारपर्यंत उरलेलेही जातात.

मग घरात न्यायनिवाडा सुरू होतो. दुकानदाराने आजारी मासे दिले, असे बाबांचे मत. शेजारच्या मुलाने जास्त खाद्य टाकले, असे मुलाचे म्हणणे. आजी मात्र शांतपणे सांगते, ‘घरावर काही तरी येणार होते, ते माशांनी आपल्यावर घेतले.’ हा समज आता वास्तूच्या नावाखाली अनेक घरांत शिरला आहे. पेटी कोणत्या दिशेला ठेवावी, सोनेरी मासे किती आणि काळा किती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आजीच्या बोलण्याने मुलाचे डोळे पुसले जातात, हे खरे. पण त्याच बोलण्याने कारण शोधणेही थांबते. पुढच्या रविवारी पुन्हा सहा मासे येतात आणि पुन्हा चौथ्या दिवशी तेच घडते.

पेटीत नेमके काय घडते?

मासा खातो, तसा मलविसर्जनही करतो. कल्ल्यांवाटे तो अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले, की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत हे सारे वाहून जाते. पेटीत ते तिथेच साठते. अमोनियाने कल्ले जळतात, मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही.

जुन्या, स्थिरावलेल्या पेटीत निसर्गाने यावर उपाय केलेला असतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. त्यामुळे माशाचे रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेण्याचे त्याचे काम थंडावते. नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी आणि थोडे पाणी बदलले की तेही कमी होते. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या कोऱ्या, स्वच्छ पेटीत ती नसतेच. म्हणजे आपल्याला जी पेटी लखलखीत वाटते, ती माशाच्या दृष्टीने मोरी नसलेले घर असते.

आईने गुरुवारी केलेल्या साफसफाईत हीच जेमतेम जमू लागलेली वस्ती धुऊन निघाली. शिवाय ताज्या पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट पेटीत आली, ती म्हणजे क्लोरीन.

ही अडचण काही आजची नव्हे. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती काचेच्या भांड्यात ठेवून पाहिली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब होता. पण पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. वॉरिंग्टन यांनी कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई आत सोडल्या, तेव्हा कुठे तोल जमला. घरगुती मत्स्यपालनाच्या शास्त्राची सुरुवातच अशी बिघडलेल्या पाण्यापासून झाली.

शंभर किलोमीटरचा प्रवास

कारणे सगळ्या जगात हीच. पण बंगळूरमध्ये त्यांना स्थानिक रंग चढतो, तो इथल्या पाण्याने आणि हवेने.

हे शहर नदीकाठी वसलेले नाही. ते पठाराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पूर्वी तलाव आणि विहिरी यांवर त्याची तहान भागत असे. १८९० च्या दशकात हेसरघट्टा तलावातून नळाचे पाणी आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला. आज कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध होऊन सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास करते आणि तीन टप्प्यांत पंपांनी सुमारे ५०० मीटर उंच चढवले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले.

इतक्या लांबून येणाऱ्या पाण्यात वाटेत रोगजंतू वाढू नयेत, म्हणून क्लोरीन घालावेच लागते. माणसांसाठी ते संरक्षण आहे, पण माशाच्या कल्ल्यांना ते भाजते आणि पेटीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते. बादलीत पाणी भरून हवेचा पंप चालू ठेवला, तर साधे क्लोरीन एका दिवसात उडून जाते. घाई असेल तर फोटोग्राफर वापरीत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, कामास येतो. माशांच्या दुकानात मिळणारी क्लोरीन काढण्याची औषधे बहुधा याचीच असतात. बाटलीवर लिहिलेले प्रमाण मात्र पाळावे.

खरी गंमत पुढे आहे. बंगळूरच्या अनेक इमारतींत एकाच नळाला आज कावेरीचे, उद्या बोअरचे आणि परवा टँकरचे पाणी येते. तळघरातल्या टाकीत ही तिन्ही पाणी एकत्र होतात. मार्च २०२४ च्या टंचाईत हजारो बोअर आटल्या आणि कित्येक वस्त्या टँकरवरच दिवस काढीत होत्या. बोअरचे पाणी खडकातून आलेले, क्षार विरघळलेले आणि जड असते. त्याच्या मानाने कावेरीचे हलके. एका प्रकारच्या पाण्यात रुळलेल्या माशाला अचानक दुसऱ्या प्रकारात टाकले, तर त्याच्या शरीराला तो धक्का सोसत नाही. शिवाय पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढला, की आधीपासून असलेला अमोनियाच अधिक विषारी होतो. म्हणून ‘पाणी तर कालच बदलले, तरी मासे मेले’ ही तक्रार इथे वरचेवर ऐकू येते. मासे मेले ते पाणी बदलल्यावरच, पण त्या दिवशी नळाला कोणते पाणी होते, हे कोणी पाहिलेले नसते. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली, तो दिवसही असाच धोक्याचा.

हवेचेही तसेच. समुद्रसपाटीवर २५ अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. बंगळूरच्या उंचीवर त्याचा साधारण दहावा हिस्सा कमी होतो. पाणी तापले की आणखी कमी. एप्रिल २०१६ मध्ये या थंड हवेच्या शहराने ३९.२ अंश तपमान पाहिले. अशा दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर गच्च भरलेल्या पेटीत मासे तासा-दोन तासांत गुदमरू लागतात. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांपर्यंत उतरतो. गोल्डफिशला त्याचे काही वाटत नाही. उष्ण प्रदेशातले टेट्रा, एंजल आणि फायटर मात्र सुस्तावतात, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात आणि रोग बळावतो. मुंबईत जो हीटर माळ्यावर पडून राहतो, तो बंगळूरच्या हिवाळ्यात बाहेर काढावा लागतो.

तपास कसा करावा?

मेलेला मासा लगेच बाहेर काढावा, पण पाणी फेकू नये. सारा पुरावा त्या पाण्यातच असतो.

आधी आठवावे, की मासे एका रात्रीत सगळे गेले, की एकेक करून. सगळे एकदम गेले असतील तर क्लोरीन, बंद पडलेला पंप किंवा विष यांचा संशय घ्यावा. घरात झुरळांसाठी किंवा डासांसाठी फवारणी झाली होती का? पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे आपण विसरतो. साबणाचा हात पेटीत गेला होता का? मासे एकेक करून आठ-पंधरा दिवसांत गेले असतील, तर बहुतेक वेळा अमोनिया नाही तर नायट्राइट दोषी असते. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ले दुखावले आहेत. अंगावर ठिपके, कापसासारखे पुंजके किंवा झडलेले पर दिसले, तरच रोगाकडे वळावे. औषधाची बाटली आधी आणि पाण्याची तपासणी नंतर, हा उलटा क्रम बरेच मासे मारतो.

अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे छोटे संच माशांच्या दुकानांत मिळतात. दोन्ही आकडे शून्य असावेत. नसतील तर एकाच वेळी सगळे पाणी न बदलता रोज पाव हिस्सा बदलावे, तेही क्लोरीन काढलेल्या आणि पेटीइतक्याच तपमानाच्या पाण्याने. खाद्य एक-दोन दिवस बंद केले तरी चालते. धडधाकट मासा तेवढ्याने मरत नाही. एरवीही दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. नवे मासे आणले की पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, पेटीतले पाणी तिच्यात थोडे थोडे घालावे आणि मगच मासे सोडावेत. गोल गोळ्यात गोल्डफिश ठेवूच नये. नीट वाढला तर तो वीतभर होतो आणि वर्षानुवर्षे जगतो.

थोडक्यात, पेटीला तीन प्रश्न विचारायचे. पाणी कुठून आले? हवा किती आहे? घाण कुठे जाते? या तिन्हींची उत्तरे मिळाली, की मासे का मेले हे बहुधा कळतेच.

नंदीच्या मुखातून सँकीच्या तलावाकडे

हेच तीन प्रश्न घेऊन मल्लेश्वरममध्ये एक फेरी मारावी. इथल्या काडू मल्लेश्वर देवळाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवळाला एक गाव इनाम दिले, त्याचा शिलालेख आहे. देवळासमोर १९९७ मध्ये खोदकाम करताना मातीखाली दडलेले नंदीतीर्थ उघडे झाले. नंदीच्या मुखातून येणारी धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि पुढे कुंडात जाते. तिथे क्षणभर उभे राहिले, की वाहते पाणी आणि कोंडलेले पाणी यांतला फरक पुस्तकाशिवाय समजतो.

तिथून जवळच सँकी तलाव आहे. कबन पार्क आखणाऱ्या त्याच सँकींनी तो १८८२ मध्ये बांधला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने शहराला पाण्याची किंमत शिकवली होती. आज त्याच्या काठावर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. कानडीत तलावाला ‘केरे’ म्हणतात. जुन्या बंगळूरमध्ये एका केरेचे जादा पाणी ओढ्याने पुढच्या केरेत जाई. म्हणजे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याचे उत्तर शहराच्या रचनेतच होते. पुढे धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. जोडणारे ओढे गटारे झाले. तलाव उरले, ते एकेकट्या काचेच्या पेट्यांसारखे.

हलसूरची ती सकाळ

एम. जी. रोडच्या पूर्वेला हलसूर तलाव आहे. इंग्रजी अमदानीत त्याचे ‘अल्सूर’ झाले. केंपेगौडांच्या वंशजांच्या काळापासूनचा हा तलाव, त्यातली हिरवी बेटे आणि शेजारची लष्करी छावणी पाहून पाहुणा खूश होतो. मार्च २०१६ मधल्या एका सकाळी मात्र फिरायला आलेल्या लोकांना काठावर पांढरी रेघ दिसली. ते मेलेले मासे होते. एक-दोन नव्हेत, हजारो.

तेव्हाही विषप्रयोगापासून सगळे तर्क झाले. कारण मात्र घरच्या पेटीतलेच निघाले. नाल्यांतून मैलापाणी तलावात येत होते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू खाल्ला. उन्हाळा सुरू झालेला, पाणी तापलेले. दिवसा शेवाळ प्राणवायू देते, पण रात्री तेही श्वासासाठी तो वापरते. म्हणून तलावात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. असे मृत्यू सकाळी फिरायला येणाऱ्यांना आधी दिसतात, ते याच कारणाने. शहराच्या आग्नेयेचा बेळ्ळंदूर तलाव तर फेसाने आणि २०१७-१८ मध्ये लागलेल्या आगींनी देशभर गाजला. एकाच्या घरातली पेटी आणि साऱ्या शहराचा तलाव यांत फरक आहे तो फक्त आकाराचा आणि दोष कोणाच्या गळ्यात घालायचा याचा.

म्हणूनच कंटाळा आला की पेटीतले मासे तलावात सोडून देणे हे पुण्य नव्हे. पेटीची काच चाटणारा दक्षिण अमेरिकेतला ‘सकर’ मासा असाच सुटून देशातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या तोंडचा घास काढतो आहे. नको झालेले मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी घराला द्यावेत.

पुन्हा पेटीपाशी

आता पुन्हा त्या दिवाणखान्यात यावे. पेटी रिकामी नाही, पण तिच्यात मासे नाहीत. पाणी आहे, खडे आहेत, दोन खऱ्या पाणवनस्पती आहेत आणि फिल्टर चालू आहे. रोज चिमूटभर खाद्य पडते, ते जिवाणूंसाठी. मूल एका वहीत तारीख, नळाला आलेले पाणी, तपमान आणि तपासणीच्या संचातला रंग लिहून ठेवते. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. मग नायट्राइट चढते आणि तेही उतरते. सहाव्या आठवड्यात दोन्ही आकडे शून्यावर येतात. मग दोनच गप्पी घरी येतात.

चौथ्या दिवशी सकाळी आजीच सर्वांत आधी पेटीपाशी जाते. दोन्ही मासे पोहत असतात. ती काही बोलत नाही. संध्याकाळी मात्र नातवाला विचारते, ‘आज नळाला कावेरी होती की टँकर?’

जाण्यासाठी थोडी माहिती

कबन पार्क आणि हलसूर ही दोन्ही नावे मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर स्थानकांची आहेत. मल्लेश्वरमसाठी हिरव्या मार्गावरच्या संपिगे रोड स्थानकावर उतरावे. हलसूर आणि सँकी तलाव सकाळीच पाहावेत. मत्स्यालयात जाण्यापूर्वी ते उघडे आहे का, याची चौकशी करावी. आणि मुले बरोबर असतील, तर रसेल मार्केटची फेरी मत्स्यालयाच्या दिवशीच ठेवू नये. पेटी आधी, मासे सहा आठवड्यांनी.